आपल्याच गावात उतरायचं कुठे

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येत चला, असं बायकोने लग्नानंतर पहिल्याच वर्षी सुचवलं होतं. ते काही मला जमलं नाही. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीचा मी गेली सहा वर्षं सेक्रेटरी आहे. पाण्याची मोटर कुणी उशिरा बंद केली, पार्किंगची पांढरी रेघ कुणाच्या टायरने ओलांडली, सगळं मला तोंडपाठ असतं. सोसायटीतले लोक मला वचकून असतात असा माझा समज होता. बायकोचं म्हणणं, ते मला टाळतात.

अशा माणसाने मनालीच्या सहलीची तारीख चुकवली.

त्याचं असं झालं, की नाशिकरोडला उत्तरेकडच्या बऱ्याच गाड्या मध्यरात्र उलटल्यावर येतात. आमची बारा पंचवीसची होती आणि तिकिटावर तारीख होती चौदा. बारा वाजले की तारीख बदलते, हे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या हिशेबाने आम्ही तेराला रात्री जेवून निघायला हवं होतं. मी चौदाला रात्री जेवून निघायचं ठरवलं. आठवडाभर आधी बायकोने तिकीट हातात घेऊन विचारलंही होतं, "अहो, ही तेराची रात्र की चौदाची?" मी म्हणालो, "रेल्वेचं तू माझ्यावर सोड." तिने सोडलं.

चौदाला दुपारी तीन वाजता हॉलमध्ये बॅगा ओळीने उभ्या होत्या. दशम्या, तिळाची चटणी, चिवडा, सगळं डब्यांत भरून झालं होतं. आमची मुलगी अकरावीत आहे. ती सोफ्यावर लोळत फोन बघत होती. गाडी वेळेवर आहे का ते बघ, असं मीच तिला सांगितलं होतं.

"बाबा, आपली गाडी ग्वाल्हेरच्या पुढे गेलीय."

"कुठली आपली?"

"आपलीच. फक्त आपण नाहीयोत तिच्यात."

पुढची पाच मिनिटं मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. रेल्वे खातं, वेळापत्रक, चोवीस तासांचं घड्याळ, सगळ्यांचा उद्धार झाला. बायको एक शब्द बोलली नाही. 'मी विचारलं होतं तुम्हाला' एवढं तरी म्हणायला हवं होतं तिने. मग मला भांडता आलं असतं.

मनाली गेली याचं दुःख होतंच. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं ते सोसायटीच्या विचाराने. दूध बंद, पेपर बंद. तुळशीची कुंडी आणि घराची किल्ली तळमजल्यावरच्या काकांकडे द्यायची ठरलेली. चार घरांनी सफरचंदं सांगितलेली, एकीने अक्रोड. आणि त्याहून वाईट म्हणजे, महिन्यापूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची कोकणात जायची बस दहा मिनिटांनी चुकली, तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर 'प्रवासाचे नियोजन' या विषयावर बारा मुद्दे लिहिले होते. सातवा मुद्दा 'तिकीट दोनदा वाचावे' असा होता.

"आपण घरीच राहू," मी म्हणालो. "पडदे लावून. दिवे न लावता."

तेव्हा बायको सगळ्यात मोठ्या बॅगेवर बसली आणि बोलली. आवाज चढवला नाही तिने. "हे बघा, मला बर्फ नाही दिसला तरी चालेल. मनाली काय, मनमाड असलं तरी मला चालणार होतं. बावीस वर्षांत आपण लग्नाला गेलो, बारशाला गेलो, कुलदेवतेला गेलो, आणि जिथे गेले तिथे मी दुसऱ्याच्या ओट्याशी उभी राहिले. या आठ दिवसांत मी गॅस पेटवणार नव्हते. ना माझा, ना दुसऱ्या कुणाचा. मला तेवढंच हवं होतं आणि ते मी सोडणार नाही. कुठे न्यायचं ते तुम्ही बघा."

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. दुसऱ्या गाड्यांची वेटिंग लिस्ट बघून मुलगी नुसती हसली. सापुताऱ्याला सोसायटीतली तीन कुटुंबं आधीच जाऊन बसली होती आणि शिर्डीला आमच्या स्टोअर विभागातले निम्मे लोक. म्हणजे लपायचं तर नाशिकमध्येच, हे ठरलं. प्रश्न उरला तो कुठल्या भागात, हा.

जन्मापासून या गावात राहिलेल्या माणसाने आपल्याच गावात कुठे उतरावं याचा विचार कधी केलेला नसतो. मुलीने 'नाशिकमध्ये कुटुंबासह राहण्यासाठी उत्तम परिसर' असा एक लेख शोधला आणि मोठ्याने वाचायला घेतला. लेखकाने नाशिक पाहिलं असावं, पण बसच्या खिडकीतून. गंगापूर रोड हा 'निसर्गप्रेमींसाठी', कॉलेज रोड 'तरुणाईसाठी', पंचवटी 'आध्यात्मिक अनुभवासाठी', आणि आमचं इंदिरानगर 'विशेष आकर्षण नसलेला शांत निवासी भाग'. सहा वर्षं मी ज्या शांततेसाठी रक्त आटवलं, तिची ही किंमत!

मग आम्ही आमचा लेख तयार केला. गंगापूर रोड बाद, कारण तिथे माझी थोरली बहीण राहते. तिचं पुढे येईलच. कॉलेज रोडला मुलीचे क्लास आणि मैत्रिणी; 'मी मेले तरी तिथे जाणार नाही,' असं ती म्हणाली. नाशिकरोडला माझी सासुरवाडी. सिडकोत बायकोचे दोन मामा, दोघांनाही संध्याकाळी पायी फिरायची सवय. सातपूरला माझे सहकारी. देवळाली कॅम्पला आमचे साहेब दर शनिवारी हवा खायला जातात. दिंडोरीच्या रस्त्यावर द्राक्षमळ्यात एक रिसॉर्ट होतं. बायकोला फोटो आवडला, पण सोसायटीच्या चेअरमनचा जावई तिथेच रिसेप्शनला आहे. एका भागाला काट मारली की दुसऱ्या भागातून एखादा आत्येभाऊ डोकं वर काढायचा. एवढ्या मोठ्या शहरात आमच्या ओळखीचा कुणी नाही अशी जागा सापडेना. एरवी काही काम असलं की याच शहरात ओळखीचा माणूस सापडत नाही.

आता ताईचं सांगतो, कारण खरी भीती तिचीच होती. ताईच्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध सतरा तारखेला होतं. चाळीस पानं. गेल्या बावीस वर्षांत ताईच्या घरचं कुठलंही कार्य माझ्या बायकोच्या हातांशिवाय झालेलं नाही. वड्यांचं पीठ, खीर, वाढणं, मागचं आवरणं, सगळं ती करते आणि ताई देखरेख करते. आम्ही मनालीला चाललोय म्हटल्यावर ताईचा फोन आला होता. "जा हो, जा तुम्ही मनालीला. माझ्या सासूबाईंचं काय, त्या काही पुन्हा जाणार नाहीत." तिकिटं आधीच काढली होती म्हणून बायको सुटली. आता आम्ही नाशिकमध्ये आहोत हे ताईला कळलं असतं, तर सतरा तारखेला सकाळी बायको गंगापूर रोडच्या ओट्याशी उभी असती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, मुलीलाही माहीत होतं.

"पंचवटी," मुलगी म्हणाली. "रामकुंडाजवळ. तिथे फक्त बाहेरगावचे उतरतात."

मी चकित झालो. मला हे सुचलं कसं नाही! नाशिकचा माणूस रामकुंडावर जातो तो दहाव्याला, नाहीतर पाहुण्यांना दाखवायला. तिथल्या लॉजमध्ये तो आयुष्यात पाऊल ठेवत नाही. लपायला याहून चांगली जागा जगात नव्हती. मी मुलीची पाठ थोपटली आणि क्वालिटीतला माणूस म्हणून त्या निर्णयात काही खोट आहे का, ते एकदाही तपासलं नाही.

रात्री नऊला सोसायटीने आम्हाला निरोप दिला. काकांनी किल्ली घेतली, काकूंनी हातावर दही ठेवलं, चेअरमन म्हणाले, "पोचल्यावर फोटो टाका बरं का, बर्फाचे." रिक्षा नाशिकरोडच्या दिशेने निघाली आणि मुंबई नाक्याला मी तिला पंचवटीकडे वळवली.

लॉजचा मॅनेजर दिंडोरीकडचा, पन्नाशीचा गडी होता. त्याने आधार कार्डं मागितली, चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेब, इंदिरानगर म्हंजी आपलंच इंदिरानगर?"

"हो."

"रिक्षानं पंधरा मिनटं बी नाय." त्याने आमच्या बॅगा मोजल्या. "आठ दिस ऱ्हाणार?"

काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "घरात ढेकणांचं औषध मारलंय."

हे सुचल्याबद्दल मी मनात खूश झालो. मॅनेजरने मान हलवली आणि पोऱ्याला हाक मारायच्या ऐवजी स्वतः उठून आला. "मग बॅगा गच्चीवर ठेवा साहेब. दोन दिस उन्हात. लय चिवट जात ऱ्हाती ती." आमच्या मनालीच्या स्वेटरांसकट तिन्ही बॅगा गच्चीवर गेल्या आणि पुढचे दोन दिवस आम्ही कपडे बदलायला गच्चीवर चकरा मारल्या.

पण काय सांगू, ते पहिले दोन दिवस! बायको सकाळी नऊला उठली. मी तिला लग्नानंतर नऊ वाजता झोपलेली कधी बघितली नव्हती, आजारपण सोडून. चहा खालून आला. तिने तो पलंगावर बसून प्यायला, कप तिथेच खाली ठेवला आणि तो उचलायला ती उठली नाही. मी त्या कपाकडे बराच वेळ बघत होतो. शेवटी मीच तो दाराबाहेर ठेवला. नाश्त्याला पुरी-भाजी, दुपारी राजस्थानी थाळी, संध्याकाळी घाटावर उकडलेल्या शेंगा. शेजारच्या खोलीत मालेगावकडच्या चार बायका होत्या. त्यांच्याशी ती तासन्‌तास गप्पा मारायची आणि स्वयंपाकाचा विषय निघाला की सरळ उठून गॅलरीत जायची. घरी ती केस वर बांधून त्यांना क्लिप लावते ती रात्री झोपतानाच काढते. इथे केस मोकळे होते. मला ती थोडी अनोळखी वाटायला लागली, आणि बरी वाटायला लागली.

मी मात्र मास्क, गॉगल आणि टोपी घालून फिरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चक्क रिक्षा करून 'नाशिक दर्शन' घेतलं. रिक्षावाला पोरगेलासा आणि भलताच हौशी होता. त्याने आम्हाला तपोवनापासून पांडवलेण्यांपर्यंत सगळं दाखवलं आणि प्रत्येक ठिकाणची माहिती चुकीची सांगितली. "ये जो लेणी है ना साहेब, ही पांडवांनी एका रात्रीत केली. सकाळी कोंबडा आरवला, म्हणून वरचं राहून गेलं." मी तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बाहेरगावचा होतो. मला काय माहीत असणार? मी तोंड मिटलं. दिवसभरात असं अठरा वेळा झालं. संध्याकाळी ती म्हणाली, "आज तुम्ही एकाही माणसाला दुरुस्त केलं नाहीत. छान गेला दिवस." आणि ती हसली.

मधेमधे फोन वाजत होता. ग्रुपवर काका विचारत होते, पोचलात का, थंडी किती. बर्फाचे फोटो तयार करून देते, असं मुलगी म्हणाली. बायकोने नको म्हटलं. मी 'नेटवर्क नाही' असं लिहिलं. नेटवर्क नसताना हे कसं लिहिलं, असं तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं.

त्याच संध्याकाळी, सोळा तारखेला, आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. बायकोच्या हातात शेंगांचा पुडा होता. एक म्हातारे गुरुजी शेजारी येऊन बसले. धोतर, खांद्यावर उपरणं, कानाला कमी ऐकू येत असावं, कारण बोलणं मोठ्याने. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो त्यांनी विचारला.

"कुठलं गाव?"

सोलापूर सांगायचं असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पण ढेकूण आणि नेटवर्कनंतर तिसरं बिनपुराव्याचं विधान माझ्या तोंडून येईना, हा धंद्याचा दोष. मी म्हणालो, "येवला."

ते आमचं मूळ गाव, आजोबांपर्यंतचं. गुरुजींचा चेहरा उजळला. "येवल्याचे आमच्याकडेच!" ते उठले, जवळच्याच ओसरीतून लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही घेऊन आले. या वह्यांत गावागावातल्या घराण्यांच्या नोंदी असतात; कोण कधी आलं, कुणाचं काय केलं, खाली आलेल्याची सही. त्यांनी आडनाव विचारलं, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. वर आजोबांचा अंगठा होता. खाली वडिलांची सही. त्याखाली, वडिलांच्या दहाव्याची नोंद आणि माझी सही, इंदिरानगरच्या पत्त्यासकट. सहीखाली मी सवयीने लिहून ठेवलं होतं: 'तपासले. बरोबर आहे.'

गुरुजींनी माझा मास्क, मग सही, मग पुन्हा मास्क बघितला. "अहो, तुम्ही तर घरचेच! आणि उद्या सकाळी तुमच्या भगिनी येताहेत की तर्पणाला. त्यांचं सासरही येवल्याचंच, आमच्याचकडचं."

ताई श्राद्ध घरी घालणार एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याआधी माणसं रामकुंडावर येतात, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी स्वतः आलेलो होतो. ताईच्या घरचं श्राद्ध चुकवायला मी श्राद्धाच्या घाटावर येऊन उतरलो होतो.

गुरुजींना मात्र भरून आलं होतं. "म्हणजे बहिणीच्या सासूसाठी आदल्या दिवशीच येऊन राहिलात? बायका-मुलांसकट? एवढं हल्ली कोण करतं हो!" असं म्हणत त्यांनी कनवटीतून फोन काढला, आणि मी हात धरायच्या आत ताईला लावला. ऐकू कमी येत असल्याने फोनचा स्पीकर चालूच असतो त्यांचा.

"कोण? माझा भाऊ?" ताईचा आवाज घाटावर घुमला. "नाही हो, तो मनालीला आहे."

"अहो, इथे माझ्या शेजारी बसलाय. मास्क लावून."

फोन माझ्या हातात आला. मी काय झालं ते सांगितलं. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती गोड बोलायला लागली. "अरे, मग देवानेच थांबवलं म्हणायचं तुम्हाला! चूक कुणाची होत नाही? सोसायटीत मी कुणाला काही बोलायची नाही, तू काळजीच करू नकोस. तिला सांग, पहाटे पाचला ये म्हणावं. डाळ भिजत घालते मी आत्ताच."

मी म्हणालो, "बरं ताई."

बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने शेंगांचा पुडा नीट मिटून पर्समध्ये ठेवला. मग दोन्ही हात मागे नेऊन केस वर गुंडाळले आणि त्यांना क्लिप लावली. मला स्वतःची लाज वाटली. इतकी, की तोंडावर मास्क आहे हे बरं वाटलं.

लॉजवर परत जाताना मुलगी माझ्याबरोबर मागे राहिली. "बाबा, तू 'बरं' का म्हणालास?"

"अगं, ताईला नाही कसं म्हणणार?"

"पण तुला कुठे बोलावलंय? बोलावलंय आईला. 'बरं' तू म्हणालास."

मी दुसऱ्यांच्या चुका शोधतो, आणि ही माझ्या नाकासमोर बावीस वर्षं पडून होती. ताईच्या घरच्या प्रत्येक कार्याचं 'बरं' मी म्हटलं होतं आणि करायला ती गेली होती.

आता ताईला नाही म्हणायचं तर आधी सोसायटीला खरं सांगायला हवं होतं. त्याशिवाय ताईच्या गोड बोलण्यातला काटा निघत नव्हता. मी लॉजच्या जिन्यात बसून ग्रुपवर लिहिलं: 'आमची गाडी चुकली. तारीख मी चुकीची वाचली. पत्नीने विचारले होते, मी ऐकले नाही. आम्ही पंचवटीत आहोत आणि बावीस तारखेपर्यंत इथेच राहणार आहोत.' तीनदा वाचलं. चूक नव्हती. पाठवलं.

नाक कापून हातात ठेवल्यावर माणसाला वाटतं, आता आकाश कोसळणार. पहिलं उत्तर काकूंचं आलं: 'म्हणजे सफरचंदं नाहीत का?' दुसरं तिसऱ्या मजल्यावरून आलं, माझे बारा मुद्दे जसेच्या तसे, सातव्याखाली रेघ मारून. चेअरमनने हात जोडलेलं चित्र टाकलं. बाकीचे हसले. तेवढंच. सहा वर्षं मी ज्यांना धाकात ठेवलंय असं समजत होतो, ते सगळे बहुतेक याच दिवसाची वाट बघत होते.

मग ताईला फोन केला. "ती येणार नाही. मी येतो."

"तू? तुला काय येतं?"

"सांगशील ते करीन."

"मग पाचला ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खोलीत जाऊन बायकोला सांगितलं. ती पहाटेसाठी बॅग भरत होती, ती तशीच उघडी ठेवून माझ्याकडे बघत राहिली. विश्वास बसला नव्हता तिचा, आणि का बसावा? सकाळी मी निघालो तेव्हा ती जागी होती. डोळे मिटून जागी होती.

गंगापूर रोडच्या त्या स्वयंपाकघरात मी पंचवीस वर्षं जात-येत होतो, पाणी प्यायला. पाच ते साडेचार असा तिथे पहिल्यांदाच राहिलो. बटाटे सोलले, भोपळा चिरला, नारळ खवले, खिरीची पळी फिरवत राहिलो. पहिल्या तासात, वडे एकसारखे नाहीत, असं मी ताईच्या जावेला म्हणालो. ताईने माझ्या हातात मिक्सरचं भांडं दिलं आणि चार किलो डाळ दाखवली. त्यानंतर मला कुणाची चूक दिसली नाही. ताईच्या जावा तोंडाला पदर लावून हसत होत्या. दोनदा बोट कापलं, एकदा तेल उडालं. तर्पणाहून माणसं परतली, पानं मांडली, मी वाढत राहिलो. "अजून एक वडा," "मीठ आणा," "पाणी," असं कुणीतरी सारखं म्हणत होतं आणि ते कोण म्हणतंय ते बघायला वेळ नव्हता. वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कुणीच बघत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मीही कधी बघितला नव्हता.

तीन वाजता आम्ही जेवायला बसलो, मी आणि स्वयंपाकघरातल्या बायका. वडे गार झाले होते. माझे पाय गुडघ्यापासून खाली माझे राहिले नव्हते. भांडी घासायची होती, ओटा पुसायचा होता, उरलेलं डब्यांत काढायचं होतं. ते सगळं झालं तेव्हा साडेचार वाजले होते. ताई ओट्याला टेकून उभी होती. तिचं वय झालंय, हेही मी नीट बघितलं नव्हतं. तिने हात पदराला पुसले आणि कुणालाही उद्देशून नाही असं, नुसतं हवेत विचारलं, "आता रात्रीला काय करायचं?"

बाहेर हॉलमध्ये पुरुषमंडळी लवंडली होती. तिथून दाजींचा आवाज आला, "काहीही चालेल!"

आवाज दाजींचा होता, पण वाक्य माझं होतं. रोज संध्याकाळी मी तेच म्हणतो, पेपरमधून डोकं वर न काढता, आणि आपण किती साधे, किती अडचण न करणारे नवरे आहोत असं मला वाटतं. मी ताईकडे बघितलं. 'खिचडी करू, मी टाकतो,' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मला रडू यायला लागलं होतं आणि जावांसमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून मी चपला घातल्या.

लॉजवर पोचलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगी खाली मॅनेजरच्या टीव्हीवर क्रिकेट बघत होती. बायको पलंगावर पाय पसरून कुठलीशी मालिका बघत होती, केस मोकळे, शेजारी चहाचे दोन रिकामे कप. माझ्या अंगाला तेलाचा वास येत होता. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"पाय दुखतायत," मी म्हणालो.

"दुखतात," ती म्हणाली, आणि तिने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.